अकरा पावलं

अर्जावर एक रकाना होता:
जिवाला धोका कोणाकडून.
मी लिहिलं, अज्ञात.
चौकशीला आलेला हवालदार मेश्राम
चहात टोस्ट बुडवत म्हणाला,
काका, अज्ञात म्हणजे तर सगळेच झाले ना.
टोस्ट तुटून कपात पडला.

चौदा महिन्यांनी परवाना हातात आला.

गभण्यांच्या आजीला कूलरच्या वायरनं बांधलं होतं,
बेसा रोडच्या आमच्याच ले-आउटमध्ये,
तीन प्लॉट सोडून.
आमचाही कूलर त्या रात्री असा घरघरत होता
की तिची हाक आमच्या भिंतीपर्यंत येऊन
परत गेली असेल.

सदरला दुकान. मे महिना, दुपार.
हकीमुद्दीनभाईनं काचेवर हिरवं फडकं पसरलं.

एकतीस वर्षं मी अंबाझरीच्या कारखान्यात
तोफगोळे तपासले. हातात दोन गेजं:
एक जायलाच पाहिजे, एक जायलाच नको.
पहिलं अडलं, गोळा बाद.
दुसरं गेलं, गोळा बाद.
इतके गोळे पास केले,
एकाचाही आवाज ऐकला नाही.

हे पिस्तूल, काका. आठ गोळ्या, चपटं,
उशीखाली मावते. स्लाइड ओढून पाहा.
ओढली.
अंगठ्याचा सांधा बोलला, स्प्रिंग हललं नाही.
त्यानं ते उचलून घेतलं,
नंबर न बसलेली चप्पल उचलावी तसं,
माझ्याकडे न बघता.

मग बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. सहा घरं.
यात अडण्यासारखं काही नाही, तो म्हणाला,
एक फुसकी निघाली तर पुन्हा ओढा,
पुढचं घर येते.
घरच म्हणतात त्याला.
मी रिकाम्या घरांतून ट्यूबलाइटकडे पाहिलं,
सवयीनं. सहाही स्वच्छ. पास.

हिनं ते तळहातावर तोललं,
बुधवार बाजारात कोहळ्याची फोड तोलावी तसं.
तीन पाव असन, म्हणाली.
मग विचारलं,
याले अंधारात माणूस ओळखू येते का?

हकीमुद्दीनभाई बिल फाडता फाडता थांबला.
ते काम तुमचं, बाई.

त्या रात्री मागचं दार पाहायला गेलो.
खालची कडी लागलेली, वरची नाही.
खालची बाहेरून बोट घालून निघते,
ज्याला माहीत आहे त्याला.
वरची काहून नाही लावली?
पाच वर्षांपासून नाही लावत, ती म्हणाली,
तुम्ही आज पाहून राहिले.

प्रणय बेल वाजवत नसे. दहावीपासूनच.
भिंतीवरून उडी, टाकीचं झाकण वाजायचं,
मग अंधारात भातावरची ताटली सरकल्याचा आवाज.
गेला त्या रात्री
शेवटचं वाक्य माझं होतं.
ते इथं लिहीत नाही.

टाकीचं झाकण आताही वाजते कधी कधी.
मांजर असते. बहुतेक.

रिव्हॉल्व्हर पलंगाजवळच्या गोदरेजच्या कपाटात ठेवलं,
माझ्या सर्व्हिस बुकावर.
गोळ्या स्वयंपाकघरात, पोह्यांच्या डब्यामागे.
हकीमुद्दीनभाईला कळलं तर हसेल:
हे कसलं संरक्षण, काका?
मी मोजलं आहे. इथून तिथं अकरा पावलं,
तेवढीच परत.
गुडघे दुखत असले तर तेरा.
वाटेत दिव्याचं बटण लागते.
वाटेत माणूस विचारू शकतो, कोण आहे?
आणि बाहेरचा, त्याला वाटलं तर,
आपलं नाव सांगू शकतो.

निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करतो.
मेश्राम पावती लिहून देतो, वजनासकट.
तेव्हा महिना-दीड महिना
कपाट नुसतं कपाट असते,
मला झोप लागते.

काल परत आणलं.
ही मागचं दार लावत होती.
खालची कडी. मग हात वर गेला,
तिथं थोडा थांबला,
आणि पदर सावरून खाली आला.
मी कूलरमध्ये पाणी टाकत होतो.
पाहिलं. पाणी टाकत राहिलो.